जुन्या मोटारीचें जड सुकाणू

भातलावणीच्या दिवसांत मावळांतील खाचरांकडे जाणाऱ्या वाटा म्हणजे अर्धीं खाचरेंच असतात. जुन्या जीपगाड्या रोपें, खत आणि माणसें घेऊन त्याच वाटांनीं जातात, व पाऊस सरतां सरतां पुष्कळांची एकच तक्रार ऐकूं येते कीं सुकाणू, म्हणजे स्टिअरिंग, जड झालें.

नुसते हात दुखते तर लिहिण्याचें कारण नव्हतें. निरोगी गाडीचीं चाकें वळण संपतांच आपण होऊन सरळ होऊं लागतात. जड सुकाणूच्या गाडीचीं तिरकींच राहतात. प्रस्तुत लेखकास हें खंडाळ्याच्या घाटांत कळलें. एका मिस्त्रीनें ढिलेपणा घालविण्यासाठीं सुकाणूच्या पेटीवरील स्क्रू आवळून दिला होता. जुन्या रस्त्यानें खोपोलीकडे उतरतांना एका वळणावर चक्र परत फिरेना. दोन्ही हातांनीं ओढलें तेव्हां गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर सरळ झाली. मागें भाताचीं पोतीं व दोन माणसें होतीं.

महसुली कामांत जागा पाहिल्यावांचून पंचनामा लिहीत नाहींत; येथेंही प्रथम दोषाची जागा पाहावी. आधीं पुढील टायरांतील हवा मोजावी. कमी हवेनें चांगली गाडीही जड होते. मग पुढील दोन्ही चाकें उचलून आंसाखालीं भक्कम ठोकळे द्यावे. नुसत्या जॅकवर विसंबूं नये. आतां चक्र हलकें फिरलें, तर दोष बहुधा हवेंत, टायरांत किंवा चाकांच्या रेषेंत आहे. तरीही जड असेल, तर पेटीकडून चाकांकडे जाणारा दांडा, ज्यास मिस्त्री ड्रॅग लिंक म्हणतात, तो सोडावा. नंतर चक्र निराळें व चाकें निराळीं हातानें फिरवून पाहावीं. जें जड लागेल तेथें दोष. दांडा परत जोडतांना कॉटर पिन नवीच घालावी.

आमच्याकडे दोष बहुधा चाकांकडे सांपडतो. लोणावळ्याकडील पाऊस व खाचरांतील गाळ सांध्यांत शिरून ग्रीस धुवून काढतो, आणि मग आंत गंज चढतो. गाडी उचललेली असतांनाच ग्रीस गनने प्रत्येक निपलांतून जुनें काळें ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवें भरावें. निपल तुंबला असेल तर बदलावा. ग्रीस बाहेरच्या बाहेर सांडणें म्हणजे भरणें नव्हे. कुर्ल्यास तयार झालेली पद्मिनी अजून ज्यांच्या दारीं आहे, त्यांनीं किंगपिनचे निपल विसरूं नयेत.

पेटींतील तेलाची पातळी पाहावी. स्क्रू लावणें तें चाकें सरळ ठेवूनच; जीपच्या पेटींत मध्यभागीं फट सर्वांत कमी असते, म्हणून तिरक्या स्थितींत आवळलेला स्क्रू मध्यावर येतांच अडतो. आमच्या गाडींत तेंच झालें होतें. शिवाय डाव्या किंगपिनचें बेअरिंग गंजून लाल झालें होतें. तें बदललें, स्क्रू सैल केला, व मग चाकांची रेषा जुळवून घेतली.