महाबाद ते किर्कुक

२२ जानेवारी १९४६ रोजी इराणच्या वायव्येकडील महाबादच्या चारचिरा चौकात काझी मुहम्मद यांनी कुर्द प्रजासत्ताकाची घोषणा केली. सोव्हिएत फौजांच्या आधारावर उभे राहिलेले हे राज्य त्या फौजा परतल्यावर तगणार कसे? डिसेंबरात शहाचे सैन्य शहरात शिरले. ३१ मार्च १९४७ ला काझींना त्याच चौकात फाशी झाली. त्यांच्या सेनानींपैकी एक, इराकमधून आलेले मुल्ला मुस्तफा बारझानी, सोव्हिएत मुलखात निसटले. त्यांचा मुलगा मसूद महाबादमध्येच, प्रजासत्ताकाच्या त्या अल्पकाळात जन्मला होता.

कुर्दांना वचने त्याआधीही मिळाली होती. पहिल्या महायुद्धानंतर झालेल्या १९२० च्या सेव्रच्या तहाने स्वायत्ततेची, पुढे स्वातंत्र्याचीही आशा दाखवली. १९२३ च्या लोझानच्या तहात कुर्दस्तानचा उल्लेखही उरला नाही. मुलूख तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरियात वाटला गेला.

१९७० मध्ये बगदादने, एव्हाना इराकमध्ये परतलेल्या मुल्ला मुस्तफांशी स्वायत्ततेचा करार केला. किर्कुकच्या तेलावर घोडे अडले आणि १९७४ मध्ये पुन्हा लढाई पेटली. इराणचा शहा आणि अमेरिका कुर्दांच्या पाठीशी होते. पण मार्च १९७५ मध्ये अल्जीअर्सला शहा आणि इराकचे सद्दाम हुसेन यांचे सीमेवरून जुळले, मदत थांबली आणि बंड काही आठवड्यांत कोसळले. गरज सरो, वैद्य मरो!

१६ मार्च १९८८ ला सद्दामच्या विमानांनी इराकमधल्या हलबजा या कुर्द शहरावर विषारी वायू सोडला. सुमारे ५,००० माणसे मेली. आखाती युद्धानंतर १९९१ मध्ये उत्तर इराकवर विमानबंदी आली आणि तिच्या छत्राखाली कुर्दांनी १९९२ मध्ये स्वतःची निवडणूक घेतली.

सगळा दोष परक्यांवर मात्र ढकलता येत नाही. लवकरच मसूद बारझानी आणि जलाल तालाबानी या दोन कुर्द नेत्यांचे गट आपसात लढू लागले. १९९६ मध्ये तर मसूद बारझानींनी कुर्दांची राजधानी एर्बिल जिंकायला सद्दामच्याच रणगाड्यांची मदत घेतली. हलबजाला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती.

२००५ च्या इराकी घटनेने कुर्द प्रदेशाला मान्यता दिली, जलाल तालाबानी देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. २५ सप्टेंबर २०१७ ला कुर्द प्रदेशाचे अध्यक्ष मसूद यांनी स्वातंत्र्याचे सार्वमत घेतले. सुमारे ९३ टक्के कौल बाजूने पडला. बगदाद, तेहरान, अंकारा एक झाले. अमेरिकेचाही विरोध होता. ऑक्टोबरात इराकी फौजांनी कुर्दांकडून किर्कुक घेतले, तालाबानी गटाचे बरेच पेशमर्गा (कुर्द सैनिक) न लढताच मागे हटले. महिनाअखेर मसूद पायउतार झाले. एर्बिलचे कुर्द सरकार मात्र टिकले. चार देशांपैकी कुर्दांची स्वायत्तता घटनेत लिहिलेला देश आजही इराक एवढाच आहे.