हिवाळाविषयक रंगभरण (उच्च प्राथमिक स्तर)

हिवाळाविषयक रंगभरण ही उच्च प्राथमिक वर्गांत, म्हणजे महाराष्ट्रात इयत्ता सहावी ते आठवीत, हिवाळ्यावर आधारित चित्रे रंगविण्याची वर्गकृती होय. छापील रेखाचित्रात रंग भरणे हे तिचे सर्वांत सोपे रूप असून निरीक्षणातून स्वतः रेखाटलेले चित्र रंगविणे हे अधिक विकसित रूप आहे. शाळांत वापरली जाणारी तयार चित्रे बहुधा हिमवर्षाव होणाऱ्या देशांतून आलेली असतात. त्यांत हिममानव, सूचिपर्णी वृक्ष व रेनडिअर आढळतात. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीसारख्या उष्ण कटिबंधीय, समुद्रसपाटीपासून फारशा उंचीवर नसलेल्या शहरात यांपैकी काहीही दिसत नाही. त्यामुळे कोणता हिवाळा रंगवावा, हा या कृतीतील मूलभूत प्रश्न ठरतो.

तयार चित्रांविषयीचा वाद

ऑस्ट्रियात जन्मलेले कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बालचित्रकलेच्या विकासावस्था मांडल्या. रंगभरणाच्या पुस्तकांना त्यांचा विरोध होता. दुसऱ्याने आखलेल्या रेषेची सवय लागली की मुलाचा स्वतःच्या रेषेवरील विश्वास उडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या मते साधारण नवव्या वर्षापासून मूल आपले चित्र वास्तवाशी ताडून पाहू लागते. ‘मला चित्र येत नाही’ ही तक्रार याच वयात ऐकू येऊ लागते. तयार रेखाचित्र या भीतीतून सुटका करते. म्हणूनच ते मोठ्या मुलांनाही आवडते.

दुसरी बाजूही नोंदविण्याजोगी आहे. करी व कॅसर या अमेरिकी अभ्यासकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मंडलासारख्या आखीव आकृतीत रंग भरल्याने कोऱ्या कागदावर मुक्तपणे रंगविण्यापेक्षा अस्वस्थता अधिक कमी झाल्याचे आढळले. तो प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता, हे मात्र विसरता येत नाही.

भिवंडी परिसरातील हिवाळा

भारतीय परंपरेत हिवाळ्याचे हेमंत व शिशिर असे दोन ऋतू मानले जातात. भारतीय हवामान विभाग जानेवारी व फेब्रुवारी हे महिने हिवाळ्याचे धरतो. भिवंडी तालुक्यात तोवर भाताची कापणी व झोडणी आटोपलेली असते. खाचरांत धसकटे उरतात, पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहतात आणि जमिनीतील उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा ही पिके वाढतात. आंब्याला मोहोर येतो, सागाची पाने वाळू लागतात. म्हणजे येथील हिवाळ्याचा मुख्य रंग पांढरा नसून पिवळसर तपकिरी आहे, आणि त्यात वालाच्या वेलांचा हिरवा.

पांढरा अगदीच नसतो असेही नाही. याच तालुक्यातील वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथे तानसा नदीच्या परिसरात गरम पाण्याची कुंडे आहेत. थंडीच्या सकाळी त्यांवर पांढुरके लोट अधिक ठळक दिसतात. डोळ्यांना दिसते ती खरी वाफ नसून थंड हवेत वाफेचे झालेले सूक्ष्म जलबिंदू असतात. एकाच चित्रातून विज्ञानाचा धडाही साधतो, तो असा.

वारली चित्रपरंपरेत गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा एकच पांढरा रंग वापरतात. भात हाती आल्यावरचा तारपा नाच हा तिचा परिचित विषय. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर व जगापुढे आणली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. अलीकडे वारली आकृत्यांचेही छापील साचे मिळतात. ते भरून घेणे आणि हिममानव रंगविणे यांत शैक्षणिकदृष्ट्या फारसा फरक नाही.

वर्गातील उपयोग

यंत्रमागांमुळे भिवंडीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा व तेलंगणातील कुटुंबे वसली आहेत. एकाच वर्गात एखाद्या मुलाला गंगेच्या मैदानातील दाट धुके व फुललेली मोहरी आठवते, तर शेजारच्याला भिवंडीबाहेरचे काहीच ठाऊक नसते. एकच छापील कागद वाटला की हे सारे हिवाळे पुसले जातात. यासाठी शिक्षकाने प्रथम ‘थंडीत सकाळी काय दिसते?’ एवढेच विचारून उत्तरे फळ्यावर मांडावीत. रंगपेटी नंतर उघडावी.

सावली हा सहावी ते आठवीच्या मुलांना विशेष झेपणारा विषय आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास भिवंडीत माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश उंचीवर, दक्षिणेकडे असतो. एक मीटर उंच काठीची सावली तेव्हा सुमारे ९२ सेंटिमीटर पडते. मेच्या मध्यास ती क्षणभर पायातळी नाहीशी होते. मैदानावर ही सावली मोजून आलेले मूल चित्रातील झाडाला हिवाळ्याची सावली आपोआप देते. ती काळी न रंगविता निळसर करावी, म्हणजे शीत व उष्ण रंगांचा भेद वेगळा शिकवावा लागत नाही.

धुक्यासाठी स्वस्त उपाय पुरतो. मेणबत्तीच्या तुकड्याने कोरड्या कागदावर रेघा ओढून वर जलरंगाचा पातळ हात दिला, की मेण पाणी धरत नाही आणि तेवढा कागद पांढरा राहतो. जलरंग नसल्यास मेणखडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवावा.

मूल्यमापनात ‘रंग रेषेबाहेर गेला नाही’ हा लहान वर्गांचा निकष येथे अपुरा पडतो. चित्रात स्वतः पाहिलेली एक तरी गोष्ट आहे का, हे पाहावे. बर्फाचे चित्र वर्ज्य मानण्याचे कारण नाही. काश्मीर वा लडाखचा हिवाळा भूगोलाच्या तासाला नकाशासह रंगविता येतो. मात्र त्या कागदावर ठिकाणाचे नाव व महिना लिहिलेला असावा, आणि शेजारी त्याच महिन्यातील भिवंडीचे चित्र लावावे.