फोटोच्या पोटात काय दडलंय?

फोटो म्हणजे नुसतं चित्र असं आपण समजतो. पण मोबाईलने काढलेल्या जवळजवळ प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर एक चिठ्ठी असते. तिचं नाव 'एक्झिफ'. हे स्टँडर्ड १९९५ मध्ये जपानमध्ये ठरलं. कॅमेऱ्याचं मॉडेल, तारीख, वेळ, शटर स्पीड हे सगळं त्यात नोंदलं जातं. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिली असेल, तर अक्षांश-रेखांशसुद्धा!

मी आमच्या सायखेड्याच्या पुलावरून काढलेला गोदावरीचा एक फोटो कॉम्प्युटरवर तपासला. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. बस्स, एवढंच. अंश, मिनिटं, सेकंद सगळं हजर. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर, आणि इथे तर सेकंदाचेही दशांश असतात. नदीच्या फोटोत हे आकडे असले तर काय बिघडलं? पण घराच्या ओट्यावर काढलेल्या फोटोत असले तर तो थेट घराचा पत्ताच झाला. समजा, कोणाच्या त्रासाला कंटाळून एखाद्या मुलीने नंबर बदलला, रूम बदलली. नव्या रूमवरचा एक मूळ फोटो फिरत फिरत त्या माणसापर्यंत गेला, तर सगळी खटपट वाया!

ही अतिशयोक्ती नाही. अँटिव्हायरसवाला जॉन मॅकॅफी २०१२ मध्ये बेलीझच्या पोलिसांना चुकवत फिरत होता. एका मासिकाने त्याचा फोटो छापला, त्यात अक्षांश-रेखांश तसेच राहिले आणि तो ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं.

अर्थात ही माहिती वाईटच असते असं नाही. २०२१ मध्ये राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी पिकाचा फोटो टाकतो, तेव्हा तो कुठल्या जागेवरून काढला हे अक्षांश-रेखांशावरूनच कळतं. पण तिथे शेतकरी जाणूनबुजून माहिती देतो. आपण न कळत देतो, खरा घोळ इथे आहे.

आता आपल्या हॉस्टेलचं बघू. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही चिठ्ठी गळून पडते. पण क्वालिटी टिकावी म्हणून तोच फोटो 'डॉक्युमेंट' करून पाठवला, की चिठ्ठी जशीच्या तशी पोचते. ई-मेलचं आणि ड्राइव्हचंही तेच. गॅदरिंगचे फोटो आपण असेच वाटतो ना?

उपाय सोपे आहेत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवा. विंडोजमध्ये त्याच डिटेल्सच्या पानावर खाली माहिती काढून टाकायची सोय आहे. लिनक्सवाल्यांसाठी 'एक्झिफटूल' आहेच. मात्र चिठ्ठी काढली तरी चित्रातली दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, गळ्यातलं आयकार्ड तसंच राहतं. तेही एकदा बघा. आणि फोटोत दुसरं कोणी असेल तर पाठवण्याआधी त्याला विचारा, कारण पत्ता त्याचाही असू शकतो.