गोळीची पारख

50 मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ केवढं असतं? शर्टाच्या बटणाएवढं. नेमकं सांगायचं तर व्यास 10.4 मिलिमीटर. गोळी 5.6 मिलिमीटर जाडीची आणि रेषेला नुसती शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून 8 मिलिमीटरपर्यंत सरकला तरी चालतं. अंतिम फेरीत मात्र दशांशात गुण देतात. तिथे केंद्रापासून दर 0.8 मिलिमीटरला गुणाचा एक दशांश जातो. 1 ऑगस्ट 2024 रोजी फ्रान्समधल्या शातोरू इथे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 451.4 गुणांवर ऑलिंपिक कांस्यपदक घेतलं, ते याच मापानं. त्यानंतर वर्तमानपत्रांनी त्याचं गाव दाखवलं, रेल्वेतली नोकरी सांगितली, गोळ्यांसाठी घरच्यांनी कर्ज काढल्याचंही छापलं. पण या खेळात गोळ्यांवर एवढा पैसा का जातो, हे फारसं कुणी उलगडलं नाही.

या प्रकारात वापरतात ते काडतूस म्हणजे रेंजवरच्या भाषेत ‘पॉइंट टू-टू’. 1887 मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीनं ते बाजारात आणलं आणि त्याची मूळ रचना आजही तीच आहे. पितळी नळकांडं, पुढे सुमारे 2.6 ग्रॅमची शिशाची गोळी, तिच्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर. वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली, सेकंदाला 320 ते 330 मीटरच्या आसपास ठेवतात. आवाजाची सीमा ओलांडताना गोळी डचमळते ती भानगडच नको.

खरी मेख काडतुसाच्या बुडाशी आहे. मोठ्या काडतुसात ठिणगी पाडणारी टोपी बुडाच्या मधोमध बसवलेली असते. टू-टूमध्ये हा स्फोटक लेप बुडाच्या बाहेर आलेल्या कडेच्या पोकळीत असतो. कारखान्यात तो ओला असताना काडतुसात घालतात आणि गरगरा फिरवून कडेपर्यंत पोचवतात. कुठे जरा पातळ बसला की दारू वेगळ्या तऱ्हेनं पेटते आणि गोळीचा वेग बदलतो. वेग सेकंदाला 10 मीटरनं घटला तर काय होईल? हिशेब अकरावीच्या भौतिकशास्त्राचा आहे. 50 मीटर जायला गोळीला साधारण 0.16 सेकंद लागतात, तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला सुमारे 12 सेंटिमीटर खाली ओढतं. वेग 10 मीटरनं कमी झाला की ती आणखी सात-साडेसात मिलिमीटर खाली लागते. नेम अचूक, श्वास रोखलेला, चाप हळुवार दाबलेला, तरी गुणाचे आठ-नऊ दशांश गेलेच म्हणून समजा.

मोठ्या काडतुसांचे नेमबाज स्वतः दारू तोलून, गोळी बसवून हवं तसं काडतूस घरी भरतात. टू-टूला ती सोय नाही. कारखान्यानं दिलं ते घ्यायचं. म्हणून हातात एकच उपाय राहतो, निवड. बर्मिंगहॅमची एले, फ्युर्थची आरडब्ल्यूएस, जर्मनीतल्याच श्योनेबेकमध्ये टू-टू बनवणारी लापुआ, या नावांभोवती नेमबाजांचं जग फिरतं. प्रत्येक खोक्यावर लॉटचा, म्हणजे एकदम बनलेल्या खेपेचा, क्रमांक असतो. एले तर त्या लॉटचा वेगही खोक्यावर छापते. गंमत अशी, की एकाच कंपनीच्या सर्वांत महागड्या प्रकाराचे दोन लॉट एकाच बंदुकीत अगदी वेगळे वागतात. गोळी सुटताना नळी थरथरते. तोंड वर जात असताना हळू गोळ्या बाहेर पडल्या तर त्यांचं खाली पडणं थोडंफार भरून निघतं. खाली येत असताना पडल्या तर चूक आणखी वाढते. हे गणित त्या नळीचं आणि त्या लॉटचं, दोघांचं मिळून असतं. नुसत्या कागदावरून ते सुटत नाही.

म्हणून या कंपन्यांनी चाचणी केंद्रं उभारली आहेत. तिथे रायफलचा दस्ता आधी काढून टाकतात. उरलेली नळी आणि यंत्रणा पोलादी पकडीत घट्ट आवळतात. पुढे 50 मीटरचा बंदिस्त बोगदा, वारा नाही, ऊन नाही. नवा लॉट भरला की पहिल्या काही गोळ्या मोजायच्याच नाहीत, कारण आधीच्या लॉटचं ग्रीस नळीतून जाऊन नव्याचा थर बसावा लागतो. मग दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप. पडद्यावर ठिपके उमटत जातात, आणि शेवटी सगळे ग्रुप एकावर एक ठेवून चाळीस गोळ्यांचा एकच पुंजका पाहतात. पुंजका उभा लांबलेला असेल तर वेगात गडबड आहे. गोल आणि घट्ट असेल तर पुढे बोलणी सुरू. ज्याची बंदूक आहे तो नेमबाज या सगळ्या वेळात खिशात हात घालून उभा असतो. त्याला बाजूला काढणं हाच तर चाचणीचा हेतू.

आपल्याकडच्या हौशी मंडळींना हे पटत नाही. पाच गोळ्या मारायच्या, भोकं एकमेकांना चिकटली की मोबाइलवर फोटो काढायचा आणि ‘हा लॉट जबरदस्त’ म्हणून मोकळं व्हायचं. पाच गोळ्यांत नशीब फार मोठं असतं. गोळ्या वाढवल्या की पुंजका पसरतोच; तो किती पसरतो यावरून लॉट कळतो. फोटोतला तो सुंदर ग्रुप बहुतेक वेळा पुन्हा येत नाही.

दुसरा गैरसमज खिशाला जास्त झोंबणारा आहे. माणसाची चूक आणि गोळीची चूक यांची सरळ बेरीज होत नाही; काटकोन त्रिकोणाच्या बाजूंसारखी वर्गांची बेरीज होते. समजा, नवख्याचा स्वतःचा हात 20 मिलिमीटर हलतो आणि गोळीचा दोष 3 मिलिमीटर आहे. एकूण होतात 20.2. सगळ्यात महागडी गोळी आणून तो दोष 2 वर आणला तरी 20.1. फरक शून्यच. पण ज्याचा हात 3 मिलिमीटरवर आला आहे, त्याचे 4.2 चे 3.6 होतात, आणि तेवढ्यात पदक आत-बाहेर होतं. पहिल्या वर्षाच्या पोराला आई-बापांनी कर्ज काढून वरच्या दर्जाचं काडतूस देण्यात काहीच अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रशिक्षकांनी हे पालकांना बसवून सांगायला हवं.

बाकीच्या सामानाचीही चाचणी होते, पण तिथला नियम एका ओळीचा आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला. दस्त्याचे स्क्रू किती आवळले, नळीच्या टोकाचं वजन कुठे सरकवलं, चापाचा ताण किती ठेवला, यांतलं दोन एकदम बदललं की सुधारणा कशानं झाली ते कळत नाही. जाकिटाची चाचणी तर अधिकारीच घेतात. कापड 2.5 मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि ताठही नको, नाहीतर जाकीटच नेमबाजाला उभं धरेल. चाचणीतही शिस्त स्पर्धेचीच. चाप दाबला आणि काडतूस उडालं नाही, तर नळीचं तोंड टार्गेटकडेच ठेवून थांबायचं. लेप उशिरानंही पेटू शकतो. आवाज फुसका आला तर पुढची गोळी भरायचीच नाही, आधीची नळीत अडकलेली असू शकते.

पुण्याला बालेवाडीत सराव करणाऱ्याची अडचण निराळी. जर्मनीतल्या थंड बोगद्यात पास झालेला लॉट एप्रिलच्या दुपारी तसाच वागेल याची खात्री नसते. उष्णतेनं ग्रीस मऊ होतं, वेग बदलतो. त्यात गोळ्या परदेशातून येणार. परवाने, धोकादायक मालाची वाहतूक, सीमाशुल्क. लॉट आवडला म्हणून आणखी मागवावा तर तोवर तो संपलेला असतो, आणि संपलेला लॉट पुन्हा बनत नाही. म्हणून जाणते नेमबाज पसंत पडलेला लॉट परवडेल तेवढा एकदमच उचलतात आणि तो मोठ्या स्पर्धांसाठी राखून सराव दुय्यम गोळ्यांवर करतात. पुष्कळ वापरानंतर नळी झिजत जाते आणि तिची आवडही बदलते. मग नवे लॉट, नवी चाचणी. एका बंदुकीनं नाकारलेला लॉट वाईट असतो असंही नाही. केंद्रात पुढच्या नंबराला उभ्या असलेल्या नेमबाजाची नळी तोच लॉट बिनतक्रार उचलते, आणि खोकी त्याच्या गाडीत जातात.