उडीमागचा हिशेब

बंगळूरच्या ध्रुव इंटरॅक्टिव्ह या १९९७ साली स्थापन झालेल्या संस्थेपासून परदेशी व्हिडिओ खेळांची कामे ठेक्याने करून देण्याचा शिरस्ता आपल्याकडे रुजला असताना, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा स्वतःचा खेळ हाती घ्यावा, २०१७ मध्ये किकस्टार्टरवर मागितलेली लोकवर्गणी अपुरी पडूनही तो सोडू नये आणि ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध करावा, हे धाडस माझ्या मते असामान्यच होय. जुन्या धाटणीच्या ठिपकेदार चित्रांचा नॉर्वेतील ‘आउलबॉय’ तर २००७ पासून २०१६ पर्यंत घडत होता!

इतका काळ जातो कोठे? एका उडीतही जातो. निसर्गात गुरुत्वाकर्षण चढताना व उतरताना सारखेच असते. परंतु पडद्यावर तसे ठेवल्यास पात्र फुग्यासारखे तरंगते, म्हणून उतरताना गुरुत्वाकर्षण बहुधा वाढवतात. शिवाय कड्यावरून पाऊल सुटल्यावरही पडद्यावरील चित्राच्या काही चौकटींपर्यंत उडीची कळ मान्य करण्याची सवलत पुष्कळ खेळांत असते: सेकंदाला साठ चौकटी धरल्यास सहा चौकटी म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्सा. खेळणाऱ्याला ही मेहेरबानी कळतसुद्धा नाही. तो श्रेय आपल्या बोटांना देतो.