चीक आधी वासराचा

घरच्या दुधासाठी पहिल्यांदाच गाय घेतली आहे, कालवड पहिलारू आहे आणि सातवा महिना चालू आहे. विण्याआधी काय तयारी करावी, असे एका वाचकाने विचारले आहे. गोठा कोरडा ठेवा, पाणी भरपूर द्या, खुराक शेवटच्या तीन आठवड्यांत बेताबेताने वाढवा, पशुवैद्यकाचा फोन नंबर हाताशी ठेवा, एवढे कोणीही जाणता गोपालक सांगेल आणि ते बरोबरच आहे. पण सगळ्यात मोठी तयारी चिकाची असते, आणि ती गाय व्यायच्या चार-पाच आठवडे आधीच सुरू झालेली असते.

माणसाचे मूल आईच्या प्रतिपिंडांची शिदोरी घेऊनच जन्माला येते, कारण आपल्याकडे वार त्यांना गर्भापर्यंत पोचू देते. गाईच्या वारेत आई आणि गर्भ यांच्या रक्तामध्ये पेशींचे थर जास्त असतात. प्रतिपिंडांसारखे मोठे रेणू पलीकडे जात नाहीत. म्हणून वासरू जवळजवळ कोरेच जमिनीवर येते, तेही शेणामुताच्या जागी. ही उणीव कास भरून काढते. विण्याआधी सुमारे पाच आठवडे गाईच्या रक्तातली प्रतिपिंडे कासेत साठू लागतात. चांगल्या चिकात ती लिटरमागे 50 ग्रॅमहून जास्त असतात. साध्या दुधात एक ग्रॅमही नसतात.

ही गोष्ट प्रयोगाने दाखवली थिओबाल्ड स्मिथ यांनी, आणि या माणसाबद्दल थोडे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गोचीड चावल्याने गुरांना ताप येतो, हे किलबोर्न यांच्यासह त्यांनी 1893 मध्ये सिद्ध केले. एखादा किडा रोग पसरवतो याचा हा भक्कम पुरावा, रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी सापडला त्याच्या चार वर्षे आधीचा. रॉस आपल्या शाळकरी मुलांनाही माहीत असतात, स्मिथ नाहीत. स्मिथ यांनी डुकरांमधून वेगळ्या केलेल्या जिवाणूलाही नाव मिळाले ते त्यांचे वरिष्ठ डॅनियल सामन यांचे, साल्मोनेला. याच स्मिथ यांनी राल्फ लिटल यांच्याबरोबर 1922 मध्ये चिकावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. चीक न मिळालेल्या बारा वासरांपैकी नऊ मेली. चीक मिळालेली दहाच्या दहा जगली. मेलेल्या वासरांच्या अवयवांत आढळले ते एरवी आतड्यात निमूट राहणारे कोलाय जिवाणू. कसली दुर्मीळ साथ नव्हती. गोठ्यातली रोजची घाणच वासरांना पुरली होती.

नवजात वासराचे आतडे काही तास अखंड प्रथिने जशीच्या तशी रक्तात घेते. चिकात पाचकरसाला अडवणारा घटकही असतो, त्यामुळे प्रतिपिंडे वाटेत पचून जात नाहीत. पण ही क्षमता जन्मापासूनच घटू लागते आणि चोवीस तासांत जवळपास संपते. त्यातच, जी वाट प्रतिपिंडांना मोकळी असते ती जिवाणूंनाही मोकळी असते. मळकट सड चोखून वासराच्या पोटात आधी घाण गेली, तर मागाहून दिलेल्या चिकाचा तेवढा उपयोग होत नाही. कास कोमट पाण्याने धुऊन, कोरडी पुसून मगच वासरू लावायचे, ते यासाठी.

इथे एक जुनी समजूत आड येते: जार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही. जार पडायला आठ-दहा तास सहज लागतात. तोवर वासराचे सर्वांत मोलाचे तास निघून जातात. खरे तर वासरू चोखू लागले की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटते, गर्भाशय आकुंचन पावते आणि जार सुटायला मदतच होते. ही समजूत वासरांच्या जिवावर उठते. ती सोडायलाच हवी.

आता पहिलारूची गोष्ट. तिच्या चिकात साधारणपणे मोठ्या गाईपेक्षा प्रतिपिंडे कमी असतात, कारण तिने अजून तेवढे रोगजंतू पाहिलेले नसतात. गाय ज्या गोठ्यात राहते तिथल्याच जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. बाजारातून आणून आठवड्यात व्यालेल्या कालवडीचा चीक असतो जुन्या गोठ्यातल्या जंतूंसाठी, वासराला मात्र झुंजायचे असते तुमच्या गोठ्यातल्या जंतूंशी. म्हणून कालवड विण्याच्या दीड-दोन महिने आधी घरी यावी. लसी कोणत्या आणि कधी, ते पशुवैद्यकालाच विचारावे. रोज अंगावरून, मग कासेवरून हात फिरवावा, म्हणजे पहिल्या धारेला ती लाथ झाडणार नाही. पण कास तटतटली म्हणून विण्याआधी धार काढू नये. तो चीक पुन्हा तसा भरत नाही.

शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडले, निरण सैल झाली, सडांवर मेणासारखा थर दिसू लागला की दिवस जवळ आले. पाणमोट फुटून तासाभरात पुढचे पाय आणि नाक दिसले नाही, तर ओढाताण न करता पशुवैद्यकाला बोलवावे. वासरू बाहेर आल्यावर दोन तासांच्या आत पहिला चीक आणि बारा तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर. चीक कसा आहे ते बघायला द्राक्षबागायतदाराकडचे गोडी मोजायचे रिफ्रॅक्टोमीटर चालते: 22 ब्रिक्स किंवा जास्त आले तर चीक उत्तम.

उरला खरवस. पहिल्या दिवसाच्या चिकात दूध घातल्याशिवाय खरवस दगडासारखा होतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा धड लागत नाही, हे घरोघरी माहीत आहे. वाफेवर घट्ट होणाऱ्या त्या प्रथिनांत मोठा वाटा प्रतिपिंडांचाच असतो. खरवस खाल्ल्याने किंवा चिकाच्या महागड्या भुकट्या घेतल्याने ती प्रतिपिंडे आपल्या रक्तात उतरतात, असे मात्र समजू नये. आपले पोट त्यांना इतर प्रथिनांसारखेच पचवून टाकते. आपल्यासाठी तो एक चविष्ट पदार्थ आहे, वासरासाठी जगण्याचा आधार. तेव्हा पहिल्या दिवसाचा चीक वासराला पोटभर पाजा, आणि शेजाऱ्यांना खरवस दुसऱ्या दिवशी वाढा.