अपराजित तरीही अनिमंत्रित : सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा १९५१चा संघ

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या ‘डॉन्स’ या अमेरिकन फुटबॉल संघाने १९५१च्या हंगामातील नऊही सामने जिंकले, तरीही हंगामाअखेरच्या एकाही ‘बाउल’ सामन्याचे निमंत्रण त्याला आले नाही आणि त्यानंतर लगेच विद्यापीठाने संघच बंद केला. या घटनाक्रमाभोवती पुढे इतक्या आख्यायिका जमल्या, की मूळ अन्यायाचे स्वरूप त्यांच्याआड झाकले गेले.

बाउल सामने म्हणजे एखाद्या बाद स्पर्धेची अंतिम फेरी, हा पहिला गैरसमज होय. हे सामने त्या त्या शहरातील आयोजक समित्या भरवत आणि कोणाला बोलवायचे हे त्याच ठरवत. पॅसाडिनाच्या ‘रोझ बाउल’चे दरवाजे तर करारान्वये दोन ठरावीक महाविद्यालयीन संघटनांपुरतेच उघडे असल्याने कोणत्याही संघटनेत नसलेल्या डॉन्सना तेथे प्रवेशच नव्हता. डॉन्सचे राष्ट्रीय अजिंक्यपद हिरावले गेले, हे विधानही टिकत नाही. त्या काळी वृत्तसंस्थेच्या मतदानातून ठरणारी अंतिम क्रमवारी बाउल सामन्यांपूर्वीच जाहीर होत असे, त्यामुळे पहिल्या क्रमांकावरील टेनेसी विद्यापीठ ‘शुगर बाउल’मध्ये मेरीलँडकडून हरले तरी अव्वलच राहिले, चौदाव्या क्रमांकावरील डॉन्सचे स्थानही बाउलमधील विजयाने बदलले नसते.

निमंत्रण न मिळण्याचे कारण म्हणून प्रतिस्पर्धी दुबळे असल्याचे सांगितले गेले. डॉन्सच्या वेळापत्रकात नौदलाचे आणि मरीन तळाचेही संघ होते, त्यामुळे हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. तथापि ज्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकला त्यांनी ४७-१४ असे हरवले, त्याच संघाला ‘सन बाउल’चे निमंत्रण मिळाले, ही वस्तुस्थिती त्या आक्षेपाचे वजन बरेच कमी करते. जिनो मार्केटी, बॉब सेंट क्लेअर आणि ऑली मॅटसन हे या एकाच संघातील तीन खेळाडू पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान-दालनात पोहोचले, तर संघाचा तरुण प्रसिद्धिप्रमुख पीट रोझेल नॅशनल फुटबॉल लीगचा आयुक्त झाला. मॅटसनने त्या हंगामात चेंडू घेऊन धावत १,५६६ यार्ड, म्हणजे सुमारे १,४३० मीटर अंतर मिळवले, जे देशात सर्वाधिक होते, आणि २१ ‘टचडाउन’ केले. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम क्षेत्रात नेऊन मिळवलेल्या सहा गुणांना ही संज्ञा आहे. पुढच्याच वर्षी, ज्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक जिंकले, तेथेच मॅटसनने ४०० मीटर धावण्यात कांस्य आणि रिले शर्यतीत रौप्य पदक मिळवले.

मॅटसन आणि त्याचा संघातील सहकारी बर्ल टोलर हे दोघे कृष्णवर्णीय होते. त्यांना वगळून या अशी लेखी अट संघाला घातली गेली आणि संघाने ती फेटाळली, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात संघाला रीतसर निमंत्रण कधीच आले नाही. अटीची आणि नकाराची हकिकत मुख्यतः खेळाडूंच्या नंतरच्या आठवणींवर आधारलेली आहे. मात्र कृष्णवर्णीय खेळाडू असलेले संघ टाळण्याचा दक्षिणेतील बाउल समित्यांचा विचार असल्याचे सॅन फ्रान्सिस्कोतील एका क्रीडा-भाष्यकाराने त्याच काळात सांगितले होते, आणि आपल्या सहकाऱ्यांना मागे ठेवून जाणार नाही या निश्चयाबद्दल खेळाडूंच्या आठवणी एकमुखी आहेत. तो निश्चय खरा मानण्यास लेखी अटीच्या पुराव्याची गरज नाही, आणि या हंगामातील सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे.

दक्षिणेतील सर्वच बाउल कृष्णवर्णीयांना पूर्णपणे बंद होते, असेही मानणे चूक ठरेल. डॅलसच्या ‘कॉटन बाउल’मध्ये पेन स्टेटचे दोन कृष्णवर्णीय खेळाडू १९४८ मध्येच खेळले होते, याउलट न्यू ऑर्लीन्सच्या शुगर बाउलमध्ये असा पहिला खेळाडू, पिट्सबर्गचा बॉबी ग्रायर, उतरण्यास १९५६ साल उजाडले. सर्वांना लागू होणारा एकच नियम नसल्यामुळे प्रत्येक समितीला भेदभाव करूनही त्याची जबाबदारी नाकारता येत होती.

संघ बंद पडण्याचे कारण वंशभेद होता, हा समजही अपुरा आहे. फुटबॉलचा खर्च विद्यापीठाला पेलत नव्हता, आणि पश्चिम किनाऱ्यावरील सेंट मेरीज, लोयोला व सांता क्लारा या कॅथलिक संस्थांनीही त्याच सुमारास हा खेळ सोडला. बाउलच्या उत्पन्नाने ही तूट काही अंशी भरली असती, एवढेच न्याय्यपणे म्हणता येते.

टोलरची व्यावसायिक कारकीर्द गुडघ्याच्या दुखापतीने सुरू होण्यापूर्वीच संपली. तो सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक व मुख्याध्यापक झाला आणि १९६५ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगचा पहिला कृष्णवर्णीय सामनाधिकारी ठरला. संघावर झालेल्या अन्यायाची नोंद घेणारा ठराव अमेरिकी सिनेटमध्ये आला तो २००० साली.